इंजिनात बदल केल्यावर विजेचे दोष कसे शोधायचे: टर्बो बसवलेल्या माझदा एमएक्स-५ च्या निमित्ताने

इंजिनात काम झालेली गाडी रस्त्यावर आली की थोड्याच दिवसांत विजेच्या तक्रारी डोकं वर काढतात. सेल्फ रेंगाळत फिरतो, गाडी चालू होऊन लगेच बंद पडते, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आला की मिस मारते, डॅशबोर्डवरचे काटे नाचतात. मग बहुतेक जण सुटे भाग बदलायला घेतात. आधी कॉइल, मग फ्युएल पंप, मग सेन्सर, शेवटी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. पैसे जातात आणि दोष आहे तिथेच राहतो. माझं ठाम मत आहे की इंजिनकामानंतरचे विजेचे दोष भागांमध्ये क्वचित असतात. ते जोडांमध्ये असतात. आणि जोड तपासायला काही बदलावं लागत नाही, चालू लोडवर व्होल्टेज मोजावं लागतं. ते कसं मोजायचं, कुठून सुरुवात करायची आणि कुठला आकडा दिसल्यावर थांबायचं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

उदाहरणासाठी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेतली आहे, म्हणजे १९८९ साली शिकागो ऑटो शोमध्ये दाखवलेली आणि १९९७ पर्यंत बनलेली गाडी. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नाही, पण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात राहणारी मराठी मंडळी जुनी, हलकी, घरच्या गॅरेजमध्ये उघडता येईल अशी स्पोर्ट्स कार शोधायला लागली की हिच्यापाशी येतात. १.६ लिटरच्या इंजिनाला जेमतेम ११५ अश्वशक्ती, त्यामुळे टर्बोचा मोह होतोच. शिवाय हिचं वायरिंग इतकं साधं आहे की विजेचे दोष शोधायला शिकण्यासाठी याहून चांगली गाडी नाही. पुण्या-मुंबईत टर्बो गाड्यांवर काम करून घेणाऱ्यांनाही पद्धत हीच लागू पडते. नव्या गाड्यांत जो फरक पडतो तो शेवटाकडे सांगितला आहे.

कुठे कुठे हात लागला, ते आधी लिहून काढा

मीटर हातात घेण्याआधी कागद घ्या. कामात काय काय उघडलं, काय सरकवलं, कुठली वायर कापली किंवा लांबवली, कुठला ब्रॅकेट रंगवून आणला, सगळं लिहा. काम दुसरीकडे करून घेतलं असेल तर तिथल्या माणसाला शेजारी बसवून विचारा. कामाआधी गाडी ठीक होती, म्हणजे दोष जवळपास नक्की या यादीतच आहे. मागच्या दिव्याच्या वायरिंगमध्ये शिरायचं काही कारण नाही, जोपर्यंत कोणी तिथे हात लावलेला नाही.

दुसरा कागद लक्षणांचा. फक्त ‘मिस मारते’ असं लिहून भागत नाही. थंड असताना की गरम झाल्यावर? आयडलिंगला की बूस्टखाली? दिवे आणि पंखा चालू असताना वाढतं का? खड्ड्यात गाडी आदळली की होतं का? गरम झाल्यावर येणारा दोष आणि हादऱ्याने येणारा दोष यांचा शोध वेगवेगळ्या दिशेने जातो.

साहित्य थोडंच लागतं: बऱ्यापैकी मल्टिमीटर, २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, मगरचिमटे लावलेली चार-पाच मीटर लांब वायर, कपलरच्या (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडाच्या) मागून घालता येतील अशा बारीक पिना आणि गाडीच्या नेमक्या वर्षाचा वायरिंग डायग्राम. डायग्राम वर्षाप्रमाणे बदलतो. १.६ आणि १.८ लिटरच्या गाड्यांमध्ये तर महत्त्वाचे फरक आहेत, त्यामुळे ‘साधारण तसाच’ डायग्राम चालणार नाही.

दोन गोष्टी सांभाळा. एअरबॅगच्या वायरींना, ज्या सहसा पिवळ्या असतात, मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. ईसीयूच्या सेन्सर वायरींनाही टेस्ट लॅम्प लावू नका. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो आणि तेवढा करंट त्या सर्किटसाठी नाही. तिथे फक्त मीटर.

बॅटरी

इथे वेळ घालवायचा नाही, पण ही पायरी ओलांडून पुढेही जायचं नाही. गाडी काही तास बंद राहिल्यावर बॅटरीच्या थेट टर्मिनलवर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर शिशाच्या खुंटीवर, १२.६ व्होल्ट मिळाले तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.२ म्हणजे अर्धीच. सेल्फ मारताना आकडा १० च्या आसपास किंवा वर राहिला पाहिजे, ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करून वेगळी तपासून घ्या, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर अवलंबून आहेत.

या गाडीची बॅटरी डिकीत असते. डिकी केबिनपासून पूर्ण बंद नाही, म्हणून मूळची बॅटरी सीलबंद प्रकारची आणि वायू बाहेर काढणाऱ्या नळ्यांची होती. स्वस्तात साधी ओली बॅटरी बसवली असेल तर ती काढा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो तुमच्या पाठीमागेच साठतो.

अर्थिंग: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

इंजिन उतरवून चढवलेल्या गाडीत पहिला संशय अर्थिंगवर घ्यायचा. बॅटरी मागे, इंजिन पुढे, म्हणजे सेल्फचा सगळा परतीचा करंट इंजिनमधून अर्थिंगच्या पट्टीने बॉडीत, बॉडीतून मागे आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला जातो. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी माउंटिंग असल्याने ती पट्टी हाच खरा रस्ता. ती लावायची राहिली, किंवा रंगाच्या थरावर घट्ट केली, की करंट मिळेल त्या वाटेने जातो: ॲक्सिलरेटरची केबल, सेन्सरच्या बारीक अर्थ वायरी, ईसीयूची अर्थिंग. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल कोमट लागली तर निदान तिथेच झालं.

बरेच जण अर्थिंग ओहम्सवर तपासतात, मीटर ०.२ दाखवतो आणि ते ‘ठीक आहे’ म्हणून पुढे जातात. ही पद्धत इथे निरुपयोगी आहे. सेल्फ साधारण १५० अँपियर ओढतो असं धरा. जोडात फक्त ०.०२ ओहम रोध असला तरी १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट तिथेच खर्च झाले. आणि तुमच्या मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोधच ०.२ ओहमच्या घरात असतो. शिवाय सात-आठ तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मीटर शून्याजवळच दाखवतो, कारण तपासताना मीटर त्या तारेतून जवळजवळ काहीच करंट नेत नाही. जोडाची परीक्षा त्याच्यावर भार असतानाच होते.

म्हणून असं करा. आधी गाडी चालू होणार नाही याची सोय करा. या गाडीत सिलिंडर हेडच्या मागे असलेल्या कॅम अँगल सेन्सरचा कपलर काढला की ठिणगीही बंद आणि इंजेक्टरही बंद. मीटर डीसी २० व्होल्टवर. लांब वायरीचं एक टोक डिकीत बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं टोक पुढे आणून मीटरच्या काळ्या प्रोबला. या वायरीतून करंट जवळजवळ वाहत नाही, त्यामुळे ती बारीक असली तरी चालते. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर घट्ट टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.५ च्या वर गेला तर दोष आहे, आणि तो कुठे आहे हे आता प्रोब सरकवत शोधायचं: बॅटरीचा क्लॅम्प, डिकीतला बॉडीचा बोल्ट, इंजिनच्या जवळची बॉडी, पट्टीचं बॉडीकडचं टोक, पट्टीचं इंजिनकडचं टोक, मग इंजिन. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, त्यांच्यामधला जोड खराब. तो उघडा, चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, खालचा रंग काढा, बोल्ट घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा.

सेल्फची चाचणी झाल्यावर दुसरी, जास्त बारीक चाचणी. सेन्सरचा कपलर परत लावून गाडी चालू करा. हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, सगळं चालू ठेवा. आता बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीयूच्या कपलरमधल्या अर्थ पिनेपर्यंत मोजा. इथे ०.१ व्होल्टच्या वर काहीही चालत नाही. सेन्सर ० ते ५ व्होल्टमध्ये बोलतात. ईसीयूचीच पातळी ०.३ ने उचलली गेली तर हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरच्या मीटरवर मिश्रण एक दिसेल आणि ईसीयूला दुसरंच वाटेल. मग ट्यूनिंग करणारा माणूस खोट्या आकड्यावर पेट्रोल कमी-जास्त करत बसतो, आणि टर्बो इंजिनात त्याची किंमत पिस्टनने मोजावी लागते. म्हणून ट्यूनिंगला गाडी देण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.

नवा ईसीयू बसवला असेल तर त्याच्या सगळ्या अर्थ वायरी इंजिनवर एकाच ठिकाणी आणा. सेन्सरांची अर्थिंग ईसीयूतूनच जायला हवी. ती वाटेत बॉडीला जोडली गेली की गोंधळ ठरलेला.

टर्बोच्या कामात एक खास जागा फसते. टर्बोला तेल देण्यासाठी बहुतेक किटमध्ये ऑइल प्रेशर सेंडरच्या (काट्याला तेलाचा दाब सांगणाऱ्या भागाच्या) भोकातून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, काढतात आणि सेंडर होजच्या टोकाला बाजूला लटकवतात. हा सेंडर एका वायरीचा असतो. त्याची अर्थिंग आट्यांमधून इंजिनला मिळते. आता तो रबरी होजवर आहे, वरून आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळलेला. काटा खाली पडून राहतो आणि मालकाचा जीव वर. आधी साध्या यांत्रिक गेजने तेलाचा खरा दाब पाहून घ्या, तोपर्यंत गाडी चालवू नका. दाब ठीक असेल तर सेंडरच्या बॉडीपासून इंजिनपर्यंत एक अर्थ वायर टाका. तापमानाच्या काट्याच्या सेंडरचंही असंच आहे.

पॉझिटिव्ह बाजू आणि फ्युएल पंप

पॉझिटिव्ह बाजूची पद्धत तीच, फक्त उलटी. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरा ज्या भागाला वीज पोचायला हवी त्याच्या टर्मिनलवर, भाग चालू असताना. वाटेतल्या फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि कपलरांनी मिळून किती व्होल्ट खाल्ले, तो आकडा थेट दिसतो. सेल्फच्या जाड केबलला ०.५ पर्यंत ठीक. बाकी सर्किटांना ०.२ ते ०.३ च्या वर शंका घ्या.

इथला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मोठा फ्युएल पंप. टर्बोसाठी तासाला २५५ लिटरचा पंप टाकतात. मूळच्या पंपापेक्षा तो बराच जास्त करंट ओढतो, आणि दाब वाढेल तसा आणखी. मूळ वायर तीच, जुन्या कपलरांतून फिरून येणारी. आयडलिंगला सगळं ठीक दिसतं. बूस्ट आला, दाब वाढला, करंट वाढला, की पंपापाशी १३.८ ऐवजी ११ व्होल्टच पोचतात. पंप मंदावतो आणि नेमकं जेव्हा पेट्रोल जास्त हवं तेव्हाच मिश्रण कोरडं होतं.

आमच्या ओळखीतल्या एका मित्राच्या गाडीत हेच झालं होतं. ३,००० आरपीएमपर्यंत गाडी गोड चालायची आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके. गॅरेजवाल्याने कॉइल बदलून दिली होती, प्लगही. आम्ही पंपाच्या कपलरला मागून पिना लावल्या, वायर सीटपर्यंत आणली आणि मीटर मांडीवर ठेवून चढावर गेलो. मित्र चालवत होता, मी आकडा वाचत होतो. सपाटीवर १३.१. पाय दाबला तसा १२, ११.४, १०.६, आणि झटका. परत येऊन डिकीतलं अस्तर काढलं. नव्या पंपासाठी केलेला जोड काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला होता. टेप सोडला तर आत दोन वायरी नुसत्या पिळलेल्या, तांबं काळपट हिरवं पडलेलं आणि प्लास्टिक वितळून वाकडं झालेलं. कॉइल पहिल्यापासून चांगली होती.

यावर उपाय सोपा आहे आणि या गाडीत तर आयताच, कारण बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही मागे आहेत. पंपाची मूळ वायर आता फक्त रिलेची कॉइल चालवेल, म्हणजे ८५ आणि ८६ या पिना. बॅटरीपासून जाडसर, निदान २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन, आणि ८७ मधून पंप. पंपाची अर्थ वायरही तितकीच जाड आणि स्वच्छ बॉडीवर. रिलेच्या कॉइलला डायोड असलेला रिले घ्या. नाहीतर तो बंद होताना विजेचा जो झटका मारतो तो ईसीयूला त्रास देतो.

चालू होते आणि लगेच बंद पडते

१.६ च्या गाडीत टर्बो किंवा नवा ईसीयू बसवल्यावर ही तक्रार हमखास येते, आणि तिचं उत्तर या गाडीच्या रचनेतच आहे. इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या मूळच्या एअरफ्लो मीटरमध्ये हवेच्या जोराने उघडणारी एक झडप असते आणि त्या झडपेला लागून फ्युएल पंपाचा स्विच. सेल्फ मारताना पंपाचा रिले सेल्फच्या वायरीवरून चालतो. चावी सोडली की तो या झडपेच्या स्विचवर अवलंबून राहतो: हवा ओढली जाते आहे म्हणजे इंजिन फिरतं आहे, म्हणून पंप चालू ठेवायचा. अपघातात इंजिन बंद पडलं तर पेट्रोल थांबावं म्हणून केलेली ही चांगली सोय.

नव्या ईसीयूसोबत मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) आला आणि एअरफ्लो मीटर काढून टाकला, तर हा स्विचही गेला. सेल्फवर गाडी उठते, चावी सोडताच मरते. खात्री करायला बॉनेटखालच्या ‘डायग्नोसिस’ लिहिलेल्या छोट्या डब्यात एफ/पी आणि जीएनडी या पिना वायरीच्या तुकड्याने जोडा आणि इग्निशन ऑन करा. पंपाचा आवाज आला आणि गाडी चालू राहिली, तर निदान पक्कं. कायमचा उपाय म्हणून तो तुकडा तिथेच ठेवून देऊ नका; त्याने सुरक्षेची सोयच मोडते. एअरफ्लो मीटरकडे जाणारी पंपाची वायर नव्या ईसीयूच्या पंप आउटपुटला जोडा, म्हणजे इंजिन थांबताच ईसीयू पंप थांबवेल. १.८ च्या गाड्यांत हा रिले ईसीयूच चालवतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न असा येत नाही.

एअरफ्लो मीटर अजून जागेवर असेल आणि तरी हेच होत असेल, तर वायरिंग उघडण्याआधी मीटर ते थ्रॉटल यांच्यातले सगळे होज आणि क्लिपा बघा. मधूनच हवा शिरली की झडप पुरेशी उघडत नाही. दोष विजेचा वाटतो, असतो सैल क्लिपेचा.

मिस मारणे: कोणते सिलिंडर, ते आधी

या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२. कॉइल दोनच, एक १ आणि ४ नंबरला ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला. ही जोडी लक्षात ठेवली तर अर्धं निदान हातात येतं. गाडी आयडलिंगला असताना एकेका इंजेक्टरचा कपलर काढून बघा. ज्याचा काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. १ आणि ४ दोन्ही मेले असतील तर कॉइल, तिची वायर किंवा इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारा भाग). एकटा ४ मेला असेल तर प्लग, प्लगची वायर किंवा इंजेक्टर. कॉइलला हात लावायचं कारण नाही. काम झालेल्या गाडीत प्लगच्या वायरींची अदलाबदल झालेली असणं फार सामान्य आहे, ते आधी बघा.

बूस्टखालीच मिस मारत असेल तर प्लगची फट मोजा. मूळची १ मिलिमीटरच्या आसपासची फट बूस्टच्या दाबाखाली ठिणगीला जड जाते, टर्बोला ०.७ ते ०.८ ठेवतात. प्लग रेझिस्टरवाला असावा, म्हणजे त्याच्या नंबरात ‘आर’ असलेला. बिनरेझिस्टरच्या प्लगने इतका विजेचा गोंगाट होतो की नव्या ईसीयूला इंजिनाचा वेग चुकीचा कळतो आणि तो मध्येच इंधन तोडतो.

इंजेक्टरचा रोध मोजणं ही ओहम्स वापरायची योग्य जागा. मूळचे इंजेक्टर १२ ते १६ ओहमच्या मध्ये असतात. जुन्या पद्धतीचे मोठे इंजेक्टर २-३ ओहमचे निघू शकतात. ते थेट मूळ ईसीयूवर लावले तर त्याचे ड्रायव्हर जळतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर किंवा रेझिस्टर हवेत, नाहीतर जास्त रोधाचे इंजेक्टर घ्या. मी जास्त रोधाचेच घ्यायला सांगेन; जोड जितके कमी तितकं बरं.

सेन्सर आणि पाच व्होल्ट

ईसीयू काही सेन्सरांना ५ व्होल्टची एक सामायिक वायर देतो. त्यातला एक सेन्सर किंवा एक वायर बॉडीला टेकली की सगळ्यांचेच आकडे कोसळतात, आणि ईसीयूने दाखवलेला दोषाचा कोडही भलत्याच सेन्सरचा येतो. इग्निशन ऑन करून या वायरीवर ४.९ ते ५.१ मिळतात का बघा. नसतील तर एकेक सेन्सर काढत जा. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो किंवा त्याची वायर दोषी.

कूलंटच्या तापमानाचा दोन वायरींचा सेन्सर २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम आणि ८० अंशांना ०.३ किलोओहमच्या आसपास दाखवतो. कपलर सुटला असेल तर मीटर अनंत दाखवेल. ईसीयूला इंजिन गोठलेलं वाटून तो भरमसाट पेट्रोल सोडू शकतो. १.६ च्या मॅन्युअल गाडीतला थ्रॉटल सेन्सर खरा सेन्सर नसून दोन टोकांचा स्विच आहे, हेही नवा ईसीयू बसवणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. मधल्या जागा त्याला कळतच नाहीत. तिथे बदलत्या व्होल्टेजचा सेन्सर बसवावा लागतो.

मूळ ईसीयू असेल तर तो स्वतःच कोड सांगतो. डायग्नोसिसच्या डब्यात टीईएन आणि जीएनडी जोडून इग्निशन ऑन करा आणि चेक इंजिन दिव्याच्या उघडझापी मोजा. ०२ आणि ०३ म्हणजे कॅम अँगल सेन्सर, ०८ एअरफ्लो मीटर, ०९ कूलंट सेन्सर. जुने कोड पुसायला बॅटरीचा निगेटिव्ह काढून ब्रेकचं पेडल २० सेकंद दाबून धरा, मग गाडी चालवून कोणता परत येतो ते बघा. परत आलेल्या कोडलाच किंमत.

येणारा-जाणारा दोष

हादऱ्याचा दोष असेल तर गाडी आयडलिंगला ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, टप्प्याटप्प्याने हलवा: कॅम अँगल सेन्सरपाशी, इंजेक्टरपाशी, मग बल्कहेडपाशी (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा). कपलर ओढू नका, वायर कपलरच्या अगदी मुळाशी वाकवा. तार प्लास्टिकच्या आत तुटलेली असते ती तिथेच. नव्या ईसीयूत लॉगिंग असेल तर लॅपटॉप चालू ठेवून हे करा, आकडा कधी उडाला ते दिसेल.

उष्णतेचा दोष असेल तर एक्झॉस्टच्या बाजूने जाणारी प्रत्येक वायर बोटांनी तपासा. टर्बोचं मॅनिफोल्ड जोरात चालवल्यावर ८०० अंशांच्या पुढे जातं. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण १०० अंशांच्या आसपास हार मानतं. वायर लोखंडाला टेकायचीही गरज नाही, जवळून जाणं पुरतं. कडक झालेली, चकाकी आलेली किंवा ठिसूळ लागणारी वायर बदला, आणि नवी वायर जास्त तापमान सोसणाऱ्या आवरणाची घेऊन ॲल्युमिनियमच्या उष्णतारोधक नळीतून, शक्य तितक्या लांबून फिरवा. ऑक्सिजन सेन्सरची वायर सगळ्यात आधी जाते.

दोष सापडला की जोड कसा करायचा, याबद्दल थोडं. इंजिनजवळच्या वायरीला नुसती सोल्डरिंग नको. शिसं तारेत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्याने तार बरोबर त्या कडेला तुटते. नीट पान्याने केलेलं क्रिम्पिंग आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, हेच टिकतं. वायरीचं आवरण चिमटून जोड देणाऱ्या निळ्या-लाल क्लिपा इंजिनच्या जवळपासही येऊ देऊ नका.

चार्जिंग आणि रात्रभरात उतरणारी बॅटरी

गाडी चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.७ व्होल्ट हवेत, दिवे-पंखा लावूनसुद्धा. मग मीटर एसी व्होल्टवर घ्या, ०.१ च्या आत असेल तर ठीक, ०.५ च्या वर असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता. काही स्वस्त मीटर एसीवर डीसीचाच आकडा दाखवतात, तेव्हा आधी बंद गाडीच्या बॅटरीवर मीटर शून्य दाखवतो ना, हे पाहून घ्या.

१९९८ नंतरच्या दुसऱ्या पिढीत अल्टरनेटरचं नियंत्रण इंजिनचा ईसीयू करतो. तिथे नवा ईसीयू बसवून हे आउटपुट जोडलं नाही, की एकतर चार्जिंगच होत नाही किंवा व्होल्टेज १६ च्या पुढे जाऊन बॅटरी उकळते. पहिल्या पिढीत रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आतच आहे, ही कटकट नाही.

बॅटरी रात्रीत उतरत असेल तर सगळं बंद करून निगेटिव्ह काढा आणि मीटर मधे घाला, आधी १० अँपियरच्या सॉकेटमध्ये. या स्थितीत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर चिंता नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत बघा. बदल केलेल्या गाडीत कारण बहुधा एकच असतं: वाइडबँडचं मीटर किंवा बूस्ट गेज चावीच्या वायरीऐवजी थेट बॅटरीवर जोडलेलं.

नव्या गाड्यांमध्ये

आजच्या टर्बो गाड्यांत कॅन बस आहे. इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस सगळे दोन वायरींवर बोलतात. काम झाल्यावर एकदम चार-पाच दिवे लागले आणि स्कॅनरवर ‘यू’ने सुरू होणारे कोड आले, तर चार-पाच भाग एकदम खराब झालेले नाहीत. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ या पिनांमधला रोध मोजा. बहुतेक गाड्यांत ६० ओहम यायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक सुटलं आहे, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. काही गाड्यांत या पिनांच्या मागे गेटवे असतो आणि आकडा वेगळा येतो, म्हणून इथेही त्या गाडीचा डायग्राम हवाच. आणि अर्थिंगची चाचणी या गाड्यांतही पहिलीच. कॅनच्या कितीतरी तक्रारी इंजिनची पट्टी घट्ट केल्यावर बंद होतात.

सगळं झाल्यावर

दुरुस्तीनंतर सेल्फखालचा अर्थिंगचा आकडा, पंपापाशी बूस्टमधलं व्होल्टेज आणि चार्जिंगचं व्होल्टेज, हे तीन आकडे पुन्हा घ्या आणि तारीख घालून बॉनेटच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी तुलनेला हेच लागतात. टाकलेल्या प्रत्येक नव्या वायरीच्या दोन्ही टोकांना लेबल लावा आणि डायग्रामवर ती पेनने काढून ठेवा. कॅम अँगल सेन्सर काढला असेल तर इग्निशन टायमिंग परत बघावंच लागतं, कारण तो फिरवला की टायमिंग बदलतं. मूळ ईसीयूवर टीईएन आणि जीएनडी जोडा, ८५० आरपीएमच्या आयडलिंगला टायमिंग लाइटने १० अंश लावा, सेन्सरचा बोल्ट आवळा, मग डब्यातला वायरीचा तुकडा काढून झाकण लावा. तो आत राहिला तर ईसीयू टायमिंग पुढे नेत नाही.